पिंपाला भोक कुणी पाडलं?

संध्याकाळची वेळ आहे. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी विळीवर भाजी चिरत असेल. हातातलं काम थांबवू नका. त्या तव्याबद्दल आणि विळीबद्दलच आज आम्ही बोलणार आहोत. म्हणजे लोखंडाबद्दल, आणि ते पाण्यात कसं खराब होतं नि कसं टिकवायचं, त्याबद्दल.

लोखंड गंजतं हे कोकणातल्या बाईला सांगायला नको. चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्राचा खारा वारा. कोयती दोन दिवस पडवीत विसरली की तांबडी झालीच. पण साधा गंज हे लोखंडाचं एकच दुखणं. पाण्यात काय विरघळलंय त्यावर दुखणं बदलतं, आणि औषधही बदलतं. एका पाण्यात खिळा महिनाभर चकचकीत राहतो, दुसऱ्या पाण्यात तोच खिळा एका रात्रीत ओळखू येत नाही. शाळेत आम्ही हे शिकलो होतो. पण कळलं ते गटाचं पिंप गेल्यावर. ती गोष्ट आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, म्हणून सांगायला थोडी लाजही वाटते.

आमच्या गटाची अवजार बँक आहे. दोन फवारणी पंप, एक शिडी, कोयत्या, घमेली आणि दोनशे लिटरचं एक लोखंडी पिंप. गटाच्या बचतीतून घेतलेलं सामान, सभासदांना दिवसाला वीस रुपये भाड्याने द्यायचं, असा व्यवहार. मे महिन्याच्या शेवटी आमच्या एका काकींनी पिंप नेलं. त्यांचे यजमान मुंबईला नोकरीला, सुपारीची बाग त्या एकट्याच बघतात. पावसाआधीची फवारणी करायची होती. दोन दिवसांनी पिंप परत आलं तेव्हा आतून तांबूस दिसत होतं. आम्ही म्हटलं, गंजलं. पुढे पहिल्या पावसात पन्हळीचं पाणी त्यात भरलं, तर बुडाच्या सांध्यातून ठिबकायला लागलं. बघितलं तर सुईएवढी तीन भोकं.

मासिक बैठकीत विषय निघाला. सगळ्यांनी ठरवलं की काकींनी पिंप धुतलं नाही, ओलंच ठेवलं. पाचशे रुपये दंड. काकी एवढंच म्हणाल्या, "तीन पाण्यांनी धुतलंय गो, आणखी काय करू?" कुणी ऐकलं नाही. त्यांनी पैसे मोजून दिले आणि पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांच्या बागेत कोळेरोग आला. हिरव्या सुपाऱ्या काळ्या पडून झाडाखाली सडा पडला. फवारणी करूनही!

गावात कृषी सहायक आले होते, त्यांच्यापुढे हे रडगाणं गायलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. मोरचूद कशात भिजवलं होतं?

काकींनी एक किलो मोरचूद रात्रभर भिजत घातलं होतं ते त्याच लोखंडी पिंपात. सकाळी त्यात चुन्याची निवळी ओतली आणि फवारलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की असं करू नये. आम्हीही नाही. पिंप भाड्याने देताना आमच्या वहीत तारीख, नाव, भाडं एवढंच लिहिलेलं असतं.

आता त्या रात्री पिंपात काय झालं ते बघा. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. पाण्यात टाकला की त्यातलं तांबं विरघळून निळं पाणी होतं. तांब्यापेक्षा लोखंड पाण्यात उतरायला जास्त उतावळं. त्यामुळे मोरचुदाच्या पाण्यात लोखंड आलं की ते स्वतः विरघळायला लागतं आणि तांब्याला बाहेर ढकलतं. ढकललेलं तांबं जाऊन बसतं लोखंडाच्याच अंगावर. काकींच्या पिंपात आम्हाला जो तांबूस थर दिसला, तो गंज नव्हताच, ते तांबं होतं. एका किलो मोरचुदात साधारण पाव किलो तांबं असतं. ते सगळं बाहेर पडलं तर त्याच्या बदल्यात जवळजवळ सव्वादोनशे ग्रॅम लोखंड पाण्यात जातं. एका रात्रीत सगळं नाही गेलं तरी बरंच जातं, आणि पिंपाचा पत्रा तो केवढा! वर आणखी एक दुखणं. लोखंडाला चिकटून राहिलेलं तांबं नंतरच्या ओल्यातही लोखंडाला कुरतडत राहतं. त्यामुळे भोकं दिसली ती पंधरा-वीस दिवसांनी.

आणि नुकसान दुहेरी. जे तांबं सुपारीच्या घोसावर जाऊन बुरशीला अडवणार होतं, ते पिंपाला चिकटून बसलं. झाडावर गेलं ते कमजोर पाणी. काकींनी पिंप धुतलं होतं, पुसलं होतं, तेल लावलं असतं तरी फरक पडला नसता. हे धुण्या-पुसण्याचं दुखणंच नव्हतं.

यावर उपाय आपल्या पानाच्या डब्यातलाच आहे. चुना. बोर्डो मिश्रण असं त्या फवाऱ्याचं नाव, फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून पडलेलं. तिकडच्या द्राक्षबागांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या 1882 साली लक्षात आलं की रस्त्याकडेच्या त्याच वेलींवर रोग नाही, आतल्या रोगट झाल्यात. चोरांसाठी केलेली युक्ती बागायतदारांच्या कामी आली. आज नाशिक-सांगलीची द्राक्षं असोत की आपली सुपारी, तेच मिश्रण चालतं.

चुना काय करतो? मोरचुदाचं पाणी आंबट असतं. चुना तो आंबटपणा मारतो आणि तांब्याला बांधून ठेवतो. बांधलेलं तांबं मग लोखंडावर चढत नाही आणि पानही जाळत नाही. चुना पुरेसा पडला का ते कसं ओळखायचं? याची परीक्षा जुन्या बागायतदारांना ठाऊक आहे. घासून चकचकीत केलेली कोयती किंवा सुरी तयार मिश्रणात थोडा वेळ बुडवायची आणि बाहेर काढून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी निवळी घाला. पातं होतं तसंच राहिलं तर मिश्रण जमलं. बाजारात रंग बदलणारी पट्टी मिळते, तीही चालते, पण कोयती घरात असतेच. परीक्षा झाली की तिला स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून ठेवा. तीच कोयती भाजीला घेऊ नका.

एक टक्का मिश्रणाचं प्रमाण असं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. घरापुरतं करायचं तर शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि दहा लिटर. मोरचूद निम्म्या पाण्यात प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवायचं. चुना निम्म्या पाण्यात वेगळा, हळूहळू विझवायचा, कारण तो उकळतो आणि उडतो, आणि गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळायचं. त्याच दिवशी फवारून संपवायचं. गंमत बघा, चुना तुम्ही लोखंडी घमेल्यात विझवलात तर घमेल्याला काही होत नाही, मोरचूद घातलंत तर घमेलं गेलं. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर मोरचुदाला आणखीच लवकर बळी पडते. आणि मोरचूद विष आहे हे विसरू नका. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, आणि त्याची भांडी वेगळी, खूण करून, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा.

कृषी सहायक गेले, पण आमच्या डोक्यातून विषय जाईना. मग एका बैठकीत आम्ही प्रयोग लावला. लोणच्याच्या सहा रिकाम्या काचेच्या बाटल्या. सुताराकडून साधे खिळे आणले. मुलामा दिलेले नकोत, ते फसवतात. पॉलिश पेपरने घासून घेतले. पहिल्या बाटलीत विहिरीचं पाणी, दुसरीत मिठाचं पाणी, तिसरीत कोकमाचं आगळ, चौथीत चुन्याची निवळी झाकण घट्ट लावून, पाचवीत मोरचुदाचं पाणी. सहावीत पाणी खळखळून उकळून गार व्हायच्या आत ओतलं, खिळा टाकला आणि वर खोबरेल तेलाचा थर दिला. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि उंच फळीवर ठेवल्या.

मोरचुदातला खिळा तर बोलता बोलता तांबडा झाला. काकी तेव्हा बैठकीला परत यायला लागल्या होत्या. त्यांनी ती बाटली उचलून बराच वेळ बघितली आणि काही न बोलता खाली ठेवली. आमची कुणाचीच मान वर होईना.

बाकीच्यांचा निकाल पुढच्या आठवड्यात बघितला. विहिरीच्या पाण्यात तळाला नारिंगी गाळ. मिठाच्या पाण्यात त्याहून जास्त. आगळात नारिंगी काही नाही, पण आगळाचा सुंदर लाल रंग काळपट झाला. चुन्याच्या निवळीतला खिळा टाकला तसाच चकचकीत. आणि उकळलेल्या पाण्यातलाही चकचकीत. सगळ्यात नवल त्याचंच वाटलं, कारण ते पाणीच की! पण गंजायला नुसतं पाणी पुरत नाही, हवाही लागते. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. उकळून ती काढली आणि वरून तेलाने दार बंद केलं, मग गंज येणार कुठून? कोयतीला आपण तेल लावतो ते याचसाठी. आधी कोरडी करायची मात्र. ओल्यावर तेल लावलं तर पाणी आत कोंडून राहतं.

हा प्रयोग तुम्हीही करा. मोरचुदाची बाटली नको असेल तर पाचच बाटल्या लावा.

आगळाच्या बाटलीने आम्हाला घाबरवलं, कारण आगळ हा आमच्या गटाचा धंदा. एप्रिल-मेमध्ये आम्ही आगळ आणि आमसुलं करतो. आगळात आंबटही आहे आणि मीठही, म्हणजे लोखंडाचे दोन्ही वैरी एका भांड्यात. आंबट पाणी लोखंड विरघळवतं, मीठ त्या कामाला वेग देतं. विरघळलेलं लोखंड रंग बिघडवतं, चव बिघडवतं, आणि गिऱ्हाईक बाटली परत करतं. आम्ही पिंपं तर खाण्याच्या प्लॅस्टिकची वापरत होतो, पण त्यांच्या झाकणाला लोखंडी पट्टी असते, तिकडे लक्षच नव्हतं. आगळ काठोकाठ भरलं की ओघळ पट्टीवर येतो आणि पट्टीचं तांबडं पाणी परत आत ठिबकतं. आता आम्ही पिंप चार बोटं रिकामं ठेवतो, झाकणाखाली स्वच्छ प्लॅस्टिक घालतो आणि आठवड्याला पट्टी धुऊन, कोरडी करून खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. कोकमं फोडायला लोखंडी विळी, आमच्याकडे तिला आडाळो म्हणतात, ती बंद केली. स्टीलच्या सुऱ्या घेतल्या. पण स्टीललाही काही होत नाही असं समजू नका. खारट आंबट पाण्यात रोज रात्रभर पडून राहिलं तर स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. काम झालं की लगेच धुवा.

जस्ताच्या मुलाम्याचंही सांगायला हवं. पत्र्याची बादली, घमेलं, पन्हळ यांवर जस्त चढवलेलं असतं. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त लोखंडाला सांभाळतं. थोरल्या जावेसारखं म्हणा, सगळी थोरली जाऊ तशी नसते ती गोष्ट वेगळी. पण आंबटापुढे जस्त टिकत नाही. लग्नाकार्यात पत्र्याच्या टाकीत किंवा बादलीत कोकम सरबत, ताक, लिंबूपाणी कालवतात ना, ते कधीही करू नका. जस्त सरबतात उतरतं आणि पिणाऱ्यांना मळमळ, उलट्या होतात. तिथे प्रश्न बादलीचा राहत नाही.

टीसीएल पावडर सगळ्यांच्या परिचयाची, विहिरीत टाकतो ती. तिचं पाणी लोखंडाला फार लवकर खातं. पावडर आणि द्रावण दोन्ही प्लॅस्टिकमध्येच. पांढरं पोटॅश पाण्यात कालवाल तेव्हाही लक्षात ठेवा की तो मिठाचाच भाऊबंद आहे. पंपात भरल्यावर पंप तीन पाण्यांनी धुऊन उपडा ठेवायचा.

घर बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिमेंटमध्ये चुन्याचाच गुण असतो, म्हणून स्लॅबमधली सळी वर्षानुवर्षं टिकते. पण त्यात खारट वाळू गेली तर मीठ तो गुण मोडून काढतं. सळी गंजली की फुगते, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि मग स्लॅबचे पोपडे खाली पडतात. खाडीची वाळू स्वस्त पडते हे खरं. पण घरकुलाच्या वेळी वाळू चिमूटभर जिभेला लावून बघायला आणि विचारायला बाईमाणसाने लाजू नये. गवंडी हसला तर हसू दे.

ज्या गटांकडे पाण्याने गार होणारं इंजिन किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी रेडिएटरमध्ये नुसतं विहिरीचं पाणी भरू नये. मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंट, लिहिलेल्या मापाने आणि मुदतीने बदलत राहावं. त्यात गंज अडवणारी औषधं असतात, ती हळूहळू संपतात. हे कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि कुत्री-मांजरं फसतात, सांडलं तर लगेच धुऊन काढा. आणि कारखान्यांत पाण्यात घालायची गंज न चढण्याची पावडर असते, ती कुणी आणून दिली तर घरात ठेवू नका. त्यातलं सोडियम नायट्राइट दिसायला हुबेहूब मिठासारखं आणि पोटात गेलं तर जीवघेणं. आपल्याला त्याची गरजच नाही.

तवा आणि लोखंडी कढई मात्र जरूर वापरा. त्यातलं थोडं लोखंड जेवणात उतरतं ते अंगाला हवंच असतं. फक्त आमटी-कढी त्यात रात्रभर ठेवू नका, आणि धुतल्यावर चुलीवर कोरडी करून तेलाचं फडकं फिरवा.

आता अवजार बँकेची वही आम्ही बदलली आहे. नाव, तारीख, भाडं याच्या पुढे एक नवीन रकाना आखला: कशासाठी नेलं, कोणत्या पाण्यासाठी. मोरचुदासाठी दोन निळी प्लॅस्टिकची पिंपं घेतली, त्यावर कवटीचं चित्र काढलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि काकींचे पाचशे रुपये परत केले. ठराव लिहून, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन. काकींनी पैसे मोजून कमरेला लावले आणि म्हणाल्या, "पैशाचा काय नाय. पण तेव्हा एकीने तरी विचारायला हवं होतं, काय भिजवलंस म्हणून." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

फुटकं पिंप अजून आमच्या ऑफिसच्या मागे आहे, त्यात आम्ही नारळाच्या सोडणांचं जळण ठेवतो. बाटल्याही फळीवर आहेत. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच कुणी ना कुणी तिथे असतं. यायचं असेल तर या, आणि येताना तुमच्या विहिरीचं पाणी बाटलीभर घेऊन या. घासलेले खिळे आम्ही ठेवले आहेत.